'कबूल' म्हणण्याआधी

प्रश्न सरळ आहे. आपल्यातला एक पोरगा, बावीस प्रतिज्ञा घेतलेला, मोर्चात पुढं असणारा, एका मुसलमान मुलीशी लग्न करायचं म्हणतो. मुलगी राजी आहे. तिच्या घरचे म्हणतात, आधी कलमा पढ. त्यानं पढावा का? आणि मनात नसताना नुसता तोंडानं पढला, तर बिघडलं कुठं?

यावर आपल्या बैठकीत दोन तास तोंडातोंडी झाली. एक म्हणाला, ही बाबासाहेबांशी गद्दारी. दुसरा म्हणाला, सगळे धर्म सारखेच थोतांड, कुठलाबी घे, लग्न उरक. तिसऱ्याला फक्त जातीच्या दाखल्याची काळजी. तिघंही घसा बसेस्तोवर बोलले, पण इस्लाम नेमकं मागतो काय, हे तिघांपैकी एकानंही वाचलेलं नव्हतं. आणि तरी ठराव लिहायला कागद काढला होता. न वाचता ठराव पास करायची ही खोड मोडली पाहिजे. आपल्याबद्दल हजारो वर्षं असेच ठराव झाले.

मी रिंग खात्यात सायडर आहे. नववीला शाळा सुटली. अरबीचा गंध नाही. पण पलीकडच्या फ्रेमवर एक मोमीन चाचा आहेत, त्यांच्या ओळखीनं मशिदीतल्या मौलानांकडं चार शुक्रवार जाऊन बसलो. वाचनालयातून कुराणाचं मराठी भाषांतर आणलं. रात्रपाळीनंतर वाचलं. त्यातून जे हाताला लागलं ते पुढं ठेवतो.

मुसलमान होणं फार सोपं आहे. इतकं सोपं की आपल्याला खरं वाटत नाही. अल्लाशिवाय कुणी पूजण्याजोगा नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, एवढं मनापासून मानून तोंडानं म्हणायचं. भट लागत नाही, दक्षिणा लागत नाही. आंघोळ करून यावं असं सांगतात. नाव बदलणं बंधनकारक नाही. नावाचा अर्थच इस्लामविरोधी असला तर बदलावं म्हणतात. सुंता केल्याबिगर मुसलमान होता येत नाही, हा आपल्या वस्तीतला मोठा समज. हनफी मतात सुंता सुन्नत आहे, शाफई मतात ती आवश्यक धरतात. पण कलम्याची कबुली तिच्यावाचून अडून राहत नाही. धर्मांतराचा दाखला, गॅझेटातलं नाव, प्रतिज्ञापत्र हे सगळं सरकारला लागतं. "अल्लाला स्टँप पेपर लागत नाही," असं मौलाना हसून म्हणाले.

निकाहसुद्धा तसाच सुटसुटीत. तो संस्कार नाही, करार आहे. सात जन्मांची गाठ नाही, कन्यादान नाही. बाई दान द्यायची वस्तूच नाही. एका बाजूनं प्रस्ताव, दुसऱ्या बाजूनं स्वीकार, दोन्ही एकाच बैठकीत, दोन साक्षीदारांना ऐकू जाईल असे. आणि मेहर. हा मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायचा, तिच्या बापाला नव्हे. हनफी मतात तो दहा दिरहम चांदीपेक्षा कमी नसावा. आपल्याकडं हुंडा घेऊन वर बुद्धवंदना म्हणणारे नवरदेव पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. काझी हा पढवणारा माणूस. तो नसला तरी करार होतो.

पंथापंथात फरक आहे. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्यात वयात आलेली शहाणी बाई स्वतः आपला निकाह करू शकते. कोकणातले मुसलमान शाफई. तिथं बाईच्या बाजूनं वली, म्हंजे बाप किंवा जवळचा पुरुष नातेवाईक, लागतोच. नव्यानं मुसलमान झालेल्या बाईचा बाप मुसलमान नसेल तर काझी तिचा वली होतो.

आता अडचणीची जागा. मुसलमान पुरुषाला यहुदी किंवा ख्रिस्ती बाईशी तिचा धर्म न बदलता लग्न करता येतं. पाचव्या सुऱ्यातली पाचवी आयत ती सूट देते. मूर्तिपूजकांशी मात्र लग्न नाही, ते श्रद्धा ठेवीपर्यंत नाही. ही दुसऱ्या सुऱ्यातली २२१वी आयत. आणि मुसलमान बाईला धर्माबाहेरच्या कुठल्याच पुरुषाशी लग्न करता येत नाही. बौद्ध हे 'ग्रंथवाले' धरले जात नाहीत. म्हंजे आमच्या पोराला दरवाजा एकच, कलम्याचा. आमची पोरगी मुसलमान घरात जायची म्हटली तर तिलाही तोच. ख्रिस्ती पोरीला सवलत, आमच्या पोरीला नाही. मी मौलानांना म्हटलं, आम्ही मूर्तीची पूजा सोडूनच बाहेर पडलो. ते म्हणाले, पण एक अल्ला मानता का? म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग? मला उत्तर नव्हतं, आणि खोटं बोलायचं कारणही नव्हतं.

बैठकीतल्या दुसऱ्याचं म्हणणं असं की मनात नसलं तरी पढावं, कोण मन उघडून बघतंय. यावर त्यांच्याच परंपरेत दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या समोर उभ्या आहेत. पहिली, बुखारींच्या हदीससंग्रहातली अगदी पहिली हदीस. कर्माची किंमत हेतूवर ठरते, असा तिचा आशय. उदाहरण दिलंय ते हिजरतीचं, मक्का सोडून मदिनेला जाण्याचं. जो बाईशी लग्न करायला गेला, त्याची हिजरत बाईसाठीच धरली जाईल, अल्लासाठी नाही. चौदाशे वर्षांपूर्वी त्यांनी हा प्रश्न ओळखला होता.

दुसरी गोष्ट उम्म सुलैम या बाईची. अबू तल्हा नावाच्या माणसानं तिला मागणी घातली. तो मूर्तिपूजक. ती म्हणाली, तुझ्यासारख्याला नाही म्हणवत नाही, पण तू श्रद्धा ठेवत नाहीस. इस्लाम घे, तोच माझा मेहर, दुसरं काही नको. त्यानं घेतला, आणि पुढं तो नामांकित सहाबी झाला. म्हंजे लग्नाच्या निमित्तानं आलेला माणूस पुढं मनानं आत येऊ शकतो, हेही त्यांना मान्य आहे. मौलाना म्हणाले, आम्ही जबान ऐकतो, दिल अल्ला बघतो. मला हे प्रामाणिक वाटलं. पण यानं जबाबदारी सगळी बोलणाऱ्यावर येते. काझी सुटला. आपला पोरगा सुटत नाही.

आता त्या विषयाकडं येतो ज्यानं माझी झोप उडवली. मला वाटत होतं, एकदा कलमा पढला की सगळे सारखे, एका ताटात जेवतात, एका रांगेत उभे राहतात. रांगेचं खरं आहे. शुक्रवारी मी मागं उभा राहून पाहिलं, मिलचा मॅनेजर आणि झाडूवाला खांद्याला खांदा लावून होते. पण लग्नाचं पुस्तक उघडलं की 'कफाअत' नावाचं प्रकरण लागतं. कुफू, म्हंजे बरोबरीचा, जोडीचा. बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी कायद्याचा मोठा ग्रंथ. त्यात नवरा बायकोच्या बरोबरीचा आहे की नाही हे बघायच्या कसोट्या दिल्यात: वंश, स्वातंत्र्य, दीनदारी, पैसा, धंदा. शिवाय इस्लाम किती पिढ्यांचा. अरब नसलेल्यांमध्ये जो स्वतः मुसलमान झाला तो, जिचा बापही मुसलमान होता तिच्या जोडीचा नाही. बाप आणि आजा दोघं मुसलमान असले की हिशेब पुरा होतो. म्हंजे आमचा पोरगा आज कलमा पढला, तर बरोबरीला यायला त्याला नातवाची वाट बघावी लागणार!

आणि धंदा. अबू यूसुफ यांचं एक मत तिथं नोंदलंय, की धंदा बघू नये, अगदीच हलका असला तरच बघावा. हलके कोण? रक्त काढणारा, विणकर, आणि कातडं कमावणारा.

विणकर आणि कातडं कमावणारा. मी सूत काढतो. माझा आजा मेलेलं ढोर ओढायचा. कुठल्या बगदाद-समरकंदच्या पंडितांनी लिहिलेलं, आणि बोट बरोबर आमच्या दोघांवर, माझ्यावर आणि पलीकडच्या फ्रेमवरच्या चाचांवर. चाचांचे पूर्वज १८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीकडं आलेल्या विणकरांपैकी. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बेटा, ये हमको मत बता. सय्यद के घर हमारी बात चलाके देख." मसूद आलम फलाही यांचं 'हिंदुस्तान में ज़ात-पात और मुसलमान' हे २००७ सालचं पुस्तक याच जखमेवर आहे. बाबासाहेबांनीही पाकिस्तानवरच्या ग्रंथात १९०१च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन दाखवलं होतं: वर अशराफ, खाली अजलाफ, आणि सगळ्यात तळाला अरजल, ज्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कबरस्तानातसुद्धा मज्जाव.

पण न्यायानं बोलायचं तर पुरं बोललं पाहिजे. इमाम मालिक यांनी बरोबरी दीनदारीत धरली, वंशात नाही. कुराणाच्या ४९व्या सुऱ्यात माणसांच्या जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून केल्या असं आहे, मोठा तो जो जास्त नीतिमान. खुद्द पैगंबरांनी आपल्या आतेबहिणीचं, झैनबचं लग्न मुक्त केलेल्या गुलामाशी, झैदशी लावलं. ते टिकलं नाही ही वेगळी गोष्ट. हिदायातली कसोटीसुद्धा मुख्यतः बाईच्या वलीच्या हरकतीची आहे. तो राजी असेल तर बरोबरी नसतानाही निकाह होतो. तो राजी नसेल तर हरकत घेऊ शकतो, आणि काही हनफी विद्वान मग तो निकाहच धरत नाहीत. म्हणून गाडी पुन्हा बापाच्या दारात. बाप काय म्हणतो, मोहल्ला काय म्हणतो. धर्म एका शब्दात आत घेतो, घर घेत नाही.

आणि आपण? हसू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण जात टाकली. त्यानंतर किती बौद्ध महारांनी मातंगाची सून केली? चांभार, ढोर यांच्याशी किती सोयरिकी झाल्या? 'धर्म बौद्ध' लिहून खाली पोटजात विचारणारे बायोडाटा मी वाचलेत. त्यांची कफाअत ग्रंथात लिहिली आहे, आपली तोंडी चालते. ग्रंथातली निदान खोडून काढायला सापडते तरी.

बाबासाहेबांच्या नावानं गद्दारी म्हणणाऱ्याला आता उत्तर देतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा. मधे एकवीस वर्षं आणि एक दिवस. एवढा काळ हा माणूस धर्म तपासत होता. मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची सामाजिक बाजूसुद्धा उघड मांडली, आपल्या लोकांचं बळ कशानं वाढेल याचा हिशेब मांडला. त्यांनी तो लपवला नाही. म्हणून ऐहिक कारणानं केलेलं धर्मांतर आपोआप खोटं, असं मी म्हणणार नाही. भुकेला, अपमानाला, प्रेमालासुद्धा धर्म बदलण्याचा हक्क आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये तामिळनाडूतल्या मीनाक्षीपुरमचे दलित मुसलमान झाले, तेव्हा आमिषाची बोंब मारणाऱ्यांनी त्या गावातल्या अपमानाचा हिशेब किती मांडला? पोरगा उद्या कुराण वाचून, पटून, मुसलमान झाला, तर त्याला गद्दार म्हणायचा अधिकार आपल्या बैठकीला नाही. त्याच्या निकाहला मी जाईन आणि बिर्याणी खाईन.

पण त्याला पटलेलं नाही. तो स्वतः सांगतो. तो म्हणतो, "ज्या अल्लावर माझा विश्वासच नाही त्याच्यापुढं खोटं बोललो तर फसवलं कुणाला?" युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मी आठवडाभर त्याच्यावर अडून होतो.

फसवलं दोन साक्षीदारांना, जे ते ऐकून उद्या कुणाला तरी सांगणार. फसवलं त्या बापाला, ज्यानं जात, पिढ्या, धंदा सगळं बाजूला ठेवून एकच अट घातली. आणि कलमा एक वेळचा नसतो. रमजानात रोजा आला, शुक्रवारी नमाज आली, पोराच्या कानात अजान आली, शेवटी दफन कुठं करायचं हे आलं. एका खोट्या वाक्याला आयुष्यभर खोटंच खाऊ घालावं लागतं. ज्यानं बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यात बुद्धाचा धम्मच सद्धम्म आहे अशी खात्री पटल्याचं सांगितलं, नवा जन्म होतो आहे असं सांगितलं, त्याचा पुढचा शब्द 'तो नुसताच म्हटला' असा ठरला, तर मागचा शब्दही पातळ होतो. आपल्या मागं जमीन नाही, भांडवल नाही, बापजाद्यांची इस्टेट नाही. सभेत उभं राहून बोललो की लोक ऐकतात ते शब्द खरा आहे म्हणून.

आमच्या खात्यात घाईला आलेला सायडर तुटलेला धागा नीट न सांधता नुसता चिकटवून देतो. बॉबिन भरते, कुणाला दिसत नाही. धागा तुटतो पुढच्या खात्यात, आणि शिव्या तिथला कामगार खातो. इथं पुढचं खातं म्हंजे ती मुलगी.

तिच्याबद्दल आपण दोन तासांत एक शब्द बोललो नाही. पोरगा जर न पढता कचेरीत लग्न करील, तर आपण टाळ्या वाजवू, तत्त्व राखलं म्हणू. पण तिच्या श्रद्धेनुसार तो निकाहच नाही. तिची आई तिला विचारणार, तू कुणाच्या घरात कशाच्या नात्यानं राहतेस? तत्त्व आपलं, भार तिच्या डोक्यावर. आणि आपल्या पद्धतीनं लग्न लावलं तर तिला बुद्धमूर्तीपुढं बसवून त्रिसरण-पंचशील म्हणायला लावणार. तेव्हा तिच्या मनात काय आहे हे विचारणार का? काझी निदान विचारतो, कबूल आहे का म्हणून. आपल्या हॉलात किती नवऱ्यामुलींना कुणी असं विचारलेलं ऐकलंय?

म्हणून मी पोराला म्हटलं, आम्हाला विचारू नको, तिला विचार. त्यानं विचारलं. ती म्हणाली, "तू खरंच पढलास तर मला आनंद आहे. खोटं पढणार असशील तर माझ्यासमोर नको पढू. मग मला रोज आठवेल." तिनं पुढं असंही सांगितलं, की नोंदणीचं लग्न करू, निकाहचं माझं आणि अल्लाचं मी बघीन. या पोरीला आपण 'मागासलेल्या समाजातली' म्हणत होतो.

दाखल्याची काळजी करणाऱ्यालाही दोन शब्द, कारण ती काळजी हलकी नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंना होता. १९५६ ला शीख आत आले, बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर. तो विषय तपासायला केंद्रानं २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. म्हंजे पोरगा कलमा पढला तर दाखला जातो, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. वस्तीत त्याला शिव्या त्याच जातीवरून मिळतील, कोर्टात मात्र ती जात नसेल. ही सरकारनं धर्मावर लावलेली किंमत आहे आणि तिच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण फक्त दाखल्यासाठी बौद्ध राहणं आणि फक्त बायकोसाठी मुसलमान होणं, यांत मला फार अंतर दिसत नाही.

कोर्टांनीही हा घोळ बराच चघळलाय. शरियतीप्रमाणे विवाहित बाई मुसलमान झाली आणि नवरा झाला नाही, तर ठराविक मुदतीनंतर विवाह संपतो. पण मुंबई हायकोर्टानं १९४६ ला एका झरतुष्ट्री जोडप्याच्या खटल्यात ते मानलं नाही, एकाच्या धर्मांतरानं दुसऱ्याचं लग्न मोडत नाही म्हटलं. १९९५ ला सरला मुद्गल खटल्यात सुप्रीम कोर्टानं पहिली बायको असताना दुसरीसाठी मुसलमान होणाऱ्या हिंदू नवऱ्यांचं दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं. असल्या बहाद्दरांना इस्लामचा एकच कायदा आवडला होता. अलाहाबाद हायकोर्टानं २०१४ ला नुसत्या लग्नापुरतं धर्मांतर नाकारलं, आणि २०२० ला त्याच कोर्टानं ती भूमिका चूक म्हणून सज्ञान माणसाची निवड वर ठेवली. २०१८ ला हादियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. आपल्याकडं डिसेंबर २०२२ ला सरकारनं आंतरधर्मीय लग्नांसाठी समन्वय समिती नेमली. समन्वय कुणाचा कुणाशी, ते नावावरून कळत नाही.

राहिला विशेष विवाह कायदा, १९५४चा. धर्म न बदलता लग्न. याच्या आधीचा १८७२चा कायदा सुरुवातीला, मी कुठल्याच धर्माचा नाही असं लिहून घ्यायचा. आता ते नाही. बाबासाहेबांनी स्वतः १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनंच लग्न केलं. पण हाही रस्ता मोकळा नाही. नोटीस द्यायची, ती लावली जाते, तीस दिवस हरकतीला. तेवढ्यात नाव-पत्ता वाचून कुणीही दारात येऊ शकतो, भगवा गमछा घालून किंवा मोहल्ल्याचा म्हणून. तीस दिवस ही पोरं कुठं राहणार, हा ठरावापेक्षा मोठा प्रश्न आहे. पोराच्या बहिणीनं मुलीला घरात घ्यायची तयारी दाखवली आहे. रात्री दोघंजण तरी गल्लीत असावेत.

नोटीस गेली आहे. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक मी. दुसरे मोमीन चाचा. कफाअतीचं प्रकरण त्यांना कळलं तेव्हापासून ते इरेला पेटलेत. तिसरी बाई असावी असं मुलीचं म्हणणं आहे. ज्या भगिनींना जमेल त्यांनी दुसरी पाळी सुटताना गेटवर निरोप द्यावा. येताना आधार कार्ड आणावं, आणि एक दिवसाची खाडाबदली आधीच लावून ठेवावी.